दोनदा फॉरमॅट करूनही संगणक हँग होतो

प्रश्न : आमच्याकडे २०१३ मध्ये असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज ७ होते, आता विंडोज १० आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो दिवसातून तीन-चार वेळा हँग होतो. माउसचा बाण हलतो, पण क्लिक केल्यावर काहीच उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा लाल दिवा न लुकलुकता पेटलेला राहतो. कधी दोन-तीन मिनिटांनी सगळे पूर्ववत होते, कधी बटण दाबून बंद करावा लागतो. दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉरमॅट करून दिला. दोन्ही वेळा पंधरा-वीस दिवस बरे गेले. आता तो म्हणतो की मदरबोर्ड गेला आहे, नवीन संगणक घ्या. माझ्या यजमानांनी गावच्या वाचनालयाच्या इतिहासाची सुमारे तीनशे पाने एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये याच संगणकावर टाइप केलेली आहेत. दोष नेमका कुठे आहे, हे खर्च करण्यापूर्वी कळू शकेल का? आणि यावर विंडोज ११ चालेल का?
— एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : आपण दिलेल्या दोन खुणा, म्हणजे हलणारा बाण आणि अखंड पेटलेला लाल दिवा, मदरबोर्डपेक्षा हार्ड डिस्ककडे बोट दाखवतात. मदरबोर्ड, रॅम किंवा वीजपुरवठा बिघडून संगणक गोठतो तेव्हा बहुधा बाणही जागच्या जागी थिजतो, गाणे चालू असेल तर एकच सूर घरघरत राहतो आणि कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबले तरी त्याचा दिवा लागत किंवा विझत नाही. पुढच्या वेळी संगणक हँग झाला की एवढी एक कळ दाबून पाहा. दिवा बदलला, तर आतले यंत्र जिवंत असून कशाची तरी वाट पाहत आहे असे समजावे. आणि लाल दिवा हार्ड डिस्कच्या कामाचा असल्यामुळे ती वाट बहुतेक डिस्कचीच असते.

हार्ड डिस्कच्या तबकडीवरचा एखादा सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचा छोटा कप्पा, कमजोर झाला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. तेवढा वेळ विंडोजला हवी असलेली फाइल मिळत नाही आणि तिच्यामागची सगळी कामे रांगेत उभी राहतात. वाचन जमले, की दोन-तीन मिनिटांनी सगळे पूर्ववत होते. फॉरमॅट केल्यावर काही दिवस बरे का जातात, याचे उत्तरही यातच आहे. नेहमीच्या क्विक फॉरमॅटमध्ये डिस्कचा पृष्ठभाग तपासला जात नाही, केवळ नवी अनुक्रमणिका मांडली जाते. मात्र विंडोज नव्याने टाकताना फायली वेगळ्या जागी पडतात आणि त्या लिहिताना जे सेक्टर निकामी आढळतात त्यांच्या जागी डिस्क आपल्या राखीव साठ्यातले सेक्टर वापरू लागते. झीज मात्र चालूच असते, म्हणून पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. फॉरमॅट हे आपल्याकडे घरोघरच्या संगणकांचे रामबाण औषध होऊन बसले आहे, परंतु या दुखण्यात त्याने खरा दोष ओळखणे तेवढे लांबणीवर पडते.

कोणतीही तपासणी करण्याआधी ती तीनशे पाने बाहेर काढा. विशेषतः चेक डिस्क हा आदेश इतक्यात चालवू नका, किंवा कोणाला चालवू देऊ नका. खराब सेक्टर शोधण्याच्या पर्यायासह चालवला तर तो संपूर्ण डिस्क ढवळून काढतो आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्या श्रमानेच बंद पडू शकते. फायली दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या. एखाद्या फायलीपाशी कॉपी अडली, तर ती सोडून पुढे जा आणि तिच्याकडे शेवटी परत या. फायलींबरोबर तो फॉन्टही घेतला पाहिजे, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी आजची पद्धत, रुळण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये अक्षरे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. म्हणून फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी होऊन उमटतो. विंडोजच्या फोल्डरमधील फॉन्ट्स या फोल्डरातून तो फॉन्ट कॉपी करा आणि सगळ्या पानांची एक पीडीएफ प्रतही करून ठेवा. टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या मागे लावायचे हार्डवेअर लॉक (जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही) मिळाले असेल, तर तेही जपून ठेवा.

हे झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे विनामूल्य सॉफ्टवेअर चालवा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते आणि हे सॉफ्टवेअर ती वाचून दाखवते. ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर, तर सी६ म्हणजे तपासणीतही दुरुस्त न झालेले सेक्टर. या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याखेरीज काही असेल आणि ते आठवड्याभरात वाढत असेल, तर डिस्क बदलावी लागेल. तिथे शून्य असून सी७ चा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा असतो. केबल अगदी स्वस्त मिळते. ती बदलून मदरबोर्डवरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहावी. कोकणातल्या पावसाळ्यात जोडण्यांवर दमटपणाचा थर चढतो, त्यामुळे केबल नुसती काढून पुन्हा बसवल्यानेही कधी कधी काम भागते.

मदरबोर्डचा निकाल लावण्याची सरळ वाट अशी. दुसऱ्या कोणाच्या संगणकावर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या विनामूल्य लिनक्स प्रणालीचा) पेन ड्राइव्ह तयार करून घ्या, संगणक बंद करून प्लग काढा, हार्ड डिस्कची केबल सोडवून ठेवा आणि त्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करा. मिंट काहीही न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून चालते. त्यावर दोन-तीन तास काम करूनही संगणक हँग झाला नाही, तर मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर यांना दोष देण्याचे फारसे कारण उरत नाही. डिस्क सोडवूनही हँग झाला, तर मात्र दुरुस्तीवाल्याचे म्हणणे खरे असण्याची शक्यता वाढते. तरीही रॅमची पट्टी काढून, तिच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवावी, पंख्याखालची धूळ काढावी आणि प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांचे, म्हणजे लहान डबीसारख्या उभ्या भागांचे, माथे फुगले आहेत का ते पाहावे. वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार साठलेला असतो.

डिस्कच दोषी ठरली, तर तिच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवावी. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला एका फेरीलाच सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात आणि हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत थांबावे लागते; एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. जुन्या मदरबोर्डचे साटा पोर्ट कमी वेगाचे असले तरी हा फरक जाणवतोच. आजारी डिस्कची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकणे मला अधिक सुरक्षित वाटते. हात सैल असेल तर डीडीआर-३ प्रकारच्या रॅमची आणखी ४ जीबी पट्टी घालावी; डीडीआर-४ ची पट्टी त्या खाचेत बसणार नाही.

विंडोज ११ आपल्या संगणकावर अधिकृतपणे चालणार नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असल्यास प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्यामुळे बँकेचे व्यवहार या संगणकावर करू नयेत. मराठी टायपिंगचे जुने सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेलच असे नाही. म्हणून यजमानांचे लेखन पूर्ण होईपर्यंत विंडोज १० ठेवून संगणक इंटरनेटपासून तोडावा, असे मी सुचवीन. काढलेली हार्ड डिस्क दुरुस्तीवाल्याकडे ठेवू नका. तिच्यात तुमचे सगळे खासगी कागद आहेत, आणि कॉपी करताना सोडून दिलेली एखादी फाइल अजून तिच्यातूनच मिळवावी लागेल.