आपले प्रश्न : मागच्या खोलीतील वायफाय आणि परसातला कट्टा

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यातील एका गावात असून ते जुने, चिऱ्यांच्या जाड भिंतींचे आहे. राउटर सोप्यात आहे. माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडून परसाकडची खोली येते. तेथे नात अभ्यासाला बसते आणि तेथेच रेंज मिळत नव्हती. म्हणून बेळगावहून रेंज एक्स्टेंडर आणून त्याच खोलीत लावला. आता मोबाइलवर सगळ्या काड्या दिसतात, पण तिचा ऑनलाइन वर्ग पूर्वीइतकाच अडखळतो. शिवाय गल्लीतील मुले संध्याकाळी आमच्या परसाच्या कट्ट्यावर मोबाइल घेऊन बसू लागली आहेत. वायफायच्या यादीत कुलपाचे चिन्ह नसलेले एक अनोळखी नाव दिसते. पासवर्ड आम्ही कोणालाही दिलेला नाही. हा काय प्रकार आहे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकाच उपकरणात आहे, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

एक्स्टेंडर स्वतः इंटरनेट निर्माण करत नाही. राउटरकडून जे ऐकू येते तेच तो पुन्हा मोठ्याने सांगतो. आपण तो अशा खोलीत लावला आहे, जेथे त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही. मोबाइलवरच्या काड्या मोबाइल आणि एक्स्टेंडर यांच्यामधील रेंज दाखवतात. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यामधील रेंज त्या दाखवत नाहीत, आणि फसगत होते ती येथेच. तो माजघरात, शक्यतो स्वयंपाकघराच्या दाराच्या रेषेत, जमिनीपासून चार-पाच फूट उंच लावावा. फ्रीज, लोखंडी कपाट आणि मायक्रोवेव्ह यांच्यापासून तो दूर असावा. मोबाइलवर वायफायची ताकद मोजणारे एखादे मोफत ॲप घेऊन एक्स्टेंडर बंद असताना ती जागा तपासावी. आकडा उणे 65 डीबीएमच्या (डीबीएम हे लहरींची ताकद मोजण्याचे माप) आसपास असेल तर जागा चांगली; उणे 75 च्या खाली (उदा. उणे 80) गेला तर राउटरच्या दिशेने सरकावे. या मोजमापात तीनचा फरक म्हणजे ताकद निम्मी, त्यामुळे दोन हात सरकण्यानेही पुष्कळ फरक पडू शकतो. आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती सांगतो. ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त लहरी शोषून घेते. उन्हाळ्यात काठावर चालणारी जागा खानापूरच्या पावसात दगा देईल, म्हणून सुरुवातीपासूनच थोडी जवळची जागा निवडलेली बरी.

आपला एक्स्टेंडर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा वायफाय लहरींच्या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असेल, तर चिऱ्यांच्या घरात राउटरशी त्याची जोडणी 2.4 वर करावी, कारण 5 गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींपुढे लवकर हार मानतात. नातीचा लॅपटॉप मात्र एक्स्टेंडरच्या 5 गिगाहर्ट्झला जोडावा. ऐकणे आणि सांगणे एकाच पट्ट्यावर झाले की वेग जवळपास निम्मा होतो; वेगवेगळे पट्टे वापरल्यास ही घट टळते. 5 गिगाहर्ट्झ त्या खोलीपर्यंत पोहोचलेच नाही, तर 2.4 वरच समाधान मानावे. अभ्यासाच्या वर्गाला तेवढा वेग सहसा पुरतो.

आता कट्ट्याकडे वळू. आपण पासवर्ड दिला नसेल हे खरे, पण एक्स्टेंडरने स्वतःचे दार उघडे ठेवले असण्याची शक्यता दाट आहे. नवा एक्स्टेंडर प्रथम चालू केल्यावर तो बहुधा जोडणीसाठी पासवर्ड नसलेले एक तात्पुरते नाव प्रसारित करतो. जोडणी करताना केवळ 2.4 चा टप्पा पूर्ण करून 5 चा टप्पा वगळला, तर काही एक्स्टेंडरांत 5 च्या पट्ट्यावरचे ते नाव तसेच उघडे राहते आणि त्यातून आपलेच इंटरनेट वाहू लागते. मुलांना त्यासाठी काहीही फोडावे लागलेले नाही. मात्र त्या नावावर शिरलेला माणूस आपल्या घरच्या जाळ्याच्या आत असतो. तेथून राउटरचे पान (ब्राउझरमध्ये उघडणारे त्याच्या सेटिंगचे पान), कॅमेरा, प्रिंटर यांच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न तो करू शकतो, आणि त्याने काही गैर केले तर पहिली विचारणा जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे होते. मुलांवर रागावण्यापूर्वी दार लावावे.

त्यासाठी एक्स्टेंडर राउटरजवळ आणून मागचे बारीक बटण पिनेने सुमारे दहा सेकंद दाबून धरावे आणि जोडणी पहिल्यापासून करावी. ही जोडणी मोबाइल एक्स्टेंडरच्या नावाला जोडून, त्याचे सेटिंगचे पान उघडून होते. मोबाइलचा डेटा आधी बंद करावा. नाहीतर ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ असे ठरवून मोबाइल मुकाट्याने डेटाकडे वळतो आणि एक्स्टेंडरचे पान उघडत नाही. निम्मी माणसे येथेच अडतात आणि उपकरण खराब आहे असे समजून दुकान गाठतात. पान उघडण्याचा पत्ता उपकरणाच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो. प्रथम त्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलावा. तो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवावा. मग दोन्ही पट्ट्यांची जोडणी पूर्ण करावी, अथवा नको असलेला पट्टा बंद करावा. सुरक्षेच्या रकान्यात वायफायला कुलूप लावण्याचे प्रकार असतात; त्यांत डब्ल्यूपीए3 असल्यास ते, नसल्यास डब्ल्यूपीए2 निवडावे. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार 2001 पासूनच फोडता येतो, तो दिसला तरी घेऊ नये. शेवटी फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे. डब्ल्यूपीए2 मधील एक गंभीर दोष 2017 मध्ये उघड झाला आणि त्यावरचा इलाज फर्मवेअरमधूनच आला, तेव्हा हे काम पुढच्या वेळेवर ढकलू नये. हे सारे झाल्यावर परसाच्या कट्ट्यावर स्वतः जाऊन यादी पाहावी. कुलूप नसलेले नाव नाहीसे झाले असेल, तर काम झाले.

प्रश्न : राउटरचा पासवर्ड बदलल्यापासून एक्स्टेंडरचा दिवा लाल आहे. दुकानदार म्हणतात, डब्ल्यूपीएसचे बटण दाबले की मिनिटात होईल. ते सुरक्षित आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : एक्स्टेंडर अजून जुनाच पासवर्ड सांगत आहे, म्हणून राउटर त्याला आत घेत नाही, हा बिघाड नव्हे. डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिन देऊन जोडणी करण्याची सोय. दोन्ही उपकरणांची बटणे दाबून जोडणी करण्यास हरकत नाही, कारण ती संधी साधारण दोन मिनिटांपुरतीच उघडी असते. धोका आहे तो डब्ल्यूपीएसच्या आठ आकडी पिनमध्ये. ती पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि तिचा शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून ठरतो. त्यामुळे दहा कोटी नव्हे, तर जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत ती सापडू शकते, हे 2011 मध्ये उघड झाले. जोडणी झाली की राउटरच्या पानावर जाऊन डब्ल्यूपीएस बंद करावे. लाइट गेल्यावर राउटर इन्व्हर्टरवर आणि एक्स्टेंडर साध्या सॉकेटवर अशी व्यवस्था असेल तर दिवा वरचेवर विझेल. त्याचा पासवर्डाशी संबंध नाही.

प्रश्न : आमचे दुकान तळमजल्यावर आणि घर दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या मजल्यावर एक एक्स्टेंडर आहे. दुसऱ्यावर आणखी एक लावावा काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : लावू नये. एका एक्स्टेंडरवरून दुसरा चालवल्यास वेग प्रत्येक टप्प्यावर घटतो. जिन्याच्या कडेने राउटरपासून कॅट 6 केबल (नेटवर्कची तार) वर न्यावी आणि हाताशी असलेल्या एक्स्टेंडरला केबलचे भोक असल्यास तोच ॲक्सेस पॉइंट (केबलमधून आलेले इंटरनेट वायफायवर देणारे उपकरण) म्हणून दुसऱ्या मजल्यावर जोडावा. अशी केबल 100 मीटरपर्यंत चालते, म्हणजे आपल्याला तीन मजल्यांपुरती ती पुरून उरेल. दुकानातील गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल, तर राउटरवर त्यांच्यासाठी पाहुण्यांचे वेगळे नाव सुरू करावे आणि बिलाचा संगणक त्यावर कधीही जोडू नये.