न्यू जर्सी सोडून ओहायोतल्या कोलंबसला जावं का?

तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. एडिसनमध्ये भाड्याने राहता, तुमचा पगार १,४५,००० डॉलर. कोलंबसच्या डाउनटाउनमधल्या दुसऱ्या कंपनीने १,३०,००० देऊ केले आहेत. तुम्ही एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर. पत्नी एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा कामाचा परवाना) मॅनहॅटनच्या कंपनीचं काम घरून करते आणि ते ओहायोतून करायलाही तिला परवानगी आहे. मुलगी पहिलीत. 'पगार थोडा उतरेल, पण स्वतःचं घर होईल आणि टॅक्स वाचेल', हे गणित बरोबर आहे का, असं विचारलंत.

घर होईल. टॅक्स वाचणार नाही, उलट थोडा वाढेल. पण या दोन्हींपेक्षा मोठा प्रश्न तुमच्या पत्रात आलाच नाही: ही नोकरी गेली तर त्याच गावात दुसरी मिळेल का? माझा सगळा कल त्यावर आहे, पण आधी पैशांचं बघू.

ओहायोचा राज्य आयकर कमी आहे हे खरं. उत्पन्न २६,०५० डॉलरपर्यंत असेल तर काही नाही; त्याहून जास्त असेल तर एक छोटी ठरावीक रक्कम आणि २०२६पासून वरच्या उत्पन्नावर सरसकट २.७५ टक्के. तुमच्या १,३०,०००वर साधारण ३,२०० डॉलर होतील. पण न्यू जर्सीत नसलेला एक कर इथे आहे, तो म्हणजे शहराचा आयकर. कोलंबस शहर २.५ टक्के घेतं, आणि तो तुमचं ऑफिस जिथे आहे तिथे पगारातूनच कापला जातो, राहायला कुठेही असा. म्हणजे आणखी ३,२५०. ४०१-केमध्ये (नोकरीतलं निवृत्ती खातं) टाकलेले पैसेही त्यातून सुटत नाहीत. एकूण साडेसहा हजारांच्या आत-बाहेर. न्यू जर्सीत फक्त तुमच्या १,४५,०००वर, जोडीने रिटर्न भरून, पाच हजारांच्या आसपास बसतात. म्हणजे पगार पंधरा हजारांनी कमी आणि कर दीडेक हजाराने जास्त. ऑफर देणारी माणसं 'ओहायो स्वस्त आहे' म्हणतात तेव्हा शहराचा कर हमखास विसरतात. आठवड्यातले काही दिवस घरून काम असेल आणि घर कोलंबस शहराच्या हद्दीबाहेर असेल, तर तेवढ्या दिवसांचा कर परत मागता येतो. त्यासाठी कंपनीची सही लागते, म्हणून दिवसांची नोंद पहिल्यापासून ठेवा.

पत्नीच्या पगाराची गोष्ट आणखी वेगळी. कंपनी न्यूयॉर्कची आणि घरून काम करणं ही तिची स्वतःची सोय, असं न्यूयॉर्क राज्य धरतं आणि ती ओहायोत बसली तरी आपला आयकर घेतच राहतं. ओहायो त्याचं श्रेय (क्रेडिट) देतं, म्हणजे तिथे भरलेला कर आपल्या करातून वजा करतं, त्यामुळे राज्याचा कर दुप्पट होत नाही. पण शहराच्या करात न्यूयॉर्क राज्याच्या कराचं श्रेय मिळत नाही. तुम्ही कोलंबस शहराच्या हद्दीत घर घेतलंत, तर तिच्या पूर्ण पगारावर न्यूयॉर्कचा कर आणि वर कोलंबसचे २.५ टक्के. हेच घर टाउनशिपमध्ये (कुठल्याही शहराच्या हद्दीत न येणारा भाग) असेल तर तिच्यावर शहराचा कर शून्य, कारण ओहायोत टाउनशिपला आयकर लावता येत नाही. उत्तरेला ऑरेंज टाउनशिप आणि लिबर्टी टाउनशिप आहेत. तुमच्यासारख्या जोडप्याने घर तिथे शोधावं असं मला वाटतं. डब्लिनसारख्या उपनगरात २ टक्के कर आहे, पण कोलंबसला भरलेल्याचं श्रेय मिळतं. त्यामुळे डब्लिनमध्ये राहिलात तर तुमच्यावर जादा काही येणार नाही, पत्नीवर मात्र २ टक्के येतील.

आता हद्दींचा घोळ. कोलंबसच्या परिसरात पोस्टाचा पत्ता, शहराची हद्द आणि शाळेची हद्द या तिन्हींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. पाणी आणि सांडपाण्याची लाइन हवी तर आमच्या शहरात सामील व्हा, असं म्हणत कोलंबसने अनेक दशकं आजूबाजूची जमीन जोडून घेतली. शाळांच्या हद्दी मात्र शहराबरोबर सरकल्या नाहीत आणि १९८६च्या समझोत्याने ते पक्कं झालं. त्यामुळे 'कोलंबस' पत्त्याचं घर डब्लिन किंवा हिलियर्डच्या शाळांत जाऊ शकतं, आणि 'पॉवेल' पत्त्याचं घर पॉवेल गावात नसूही शकतं. घरविक्रीच्या संकेतस्थळांवरची शाळा अनेकदा चुकीची असते. फ्रँकलिन किंवा डेलावेअर काउंटीच्या ऑडिटरच्या (घरांच्या कराची नोंद ठेवणारं कार्यालय) साइटवर घराचा पत्ता टाका आणि 'टॅक्सिंग डिस्ट्रिक्ट' व 'स्कूल डिस्ट्रिक्ट' हे दोन रकाने वाचा, ते प्रमाण. काही स्कूल डिस्ट्रिक्ट स्वतःचा वेगळा आयकरही लावतात (बेक्स्ली, बिग वॉलनट), म्हणून तेही तपासा. ओलेंटँजी आणि डब्लिन लावत नाहीत. आपली बरीच मंडळी याच दोन डिस्ट्रिक्टमध्ये दिसतात, आणि शाळांच्या बाबतीत एडिसनहून आलात म्हणून खाली उतरलात असं होणार नाही.

घराची किंमत: उत्तर उपनगरांत चार बेडरूम, बेसमेंट आणि दोन गाड्यांचं गराज असलेलं घर पाच-सहा लाखांत बघायला मिळतं. एडिसनच्या तुलनेत हा फरक खरा आणि मोठा आहे. पण प्रॉपर्टी टॅक्स न्यू जर्सीची आठवण करून देणारा, बाजारभावाच्या साधारण २ टक्के. साडेपाच लाखांच्या घरावर वर्षाला ११,०००, म्हणजे महिन्याला ९०० डॉलरच्या वर, आणि कर्ज फिटलं तरी तो चालूच. दर सहा वर्षांनी काउंटी पूर्ण फेरमूल्यांकन करते, मध्ये तीन वर्षांनी सुधारणा. २०२३मध्ये फ्रँकलिन काउंटीत राहत्या घरांची मूल्यं सरासरी ४१ टक्क्यांनी वाढली. कर त्याच प्रमाणात वाढत नाही, कारण मतदारांनी मंजूर केलेल्या बऱ्याच लेव्हींचा (शाळा वगैरेंसाठीचा जादा प्रॉपर्टी टॅक्स) दर आपोआप खाली येतो, पण वाढतो. ओलेंटँजीसारख्या वाढत्या डिस्ट्रिक्टमध्ये नव्या शाळांसाठी लेव्ही मतदानाला येतच राहतात, तेही बजेटमध्ये धरा.

दोन सापळे. ओहायोत प्रॉपर्टी टॅक्स वर्षभर मागे चालतो, म्हणून क्लोजिंगला (घर नावावर होण्याच्या व्यवहारात) विकणारा त्याच्या काळातला न भरलेला कर तुम्ही द्यायच्या रकमेतून वजा करून देतो. खिशातून कमी गेले म्हणून सवलत मिळाली असं वाटतं, पण पुढचं बिल तुमच्याच नावावर येणार आहे. ते पैसे बाजूला ठेवा. दुसरा सापळा नव्या बांधकामाचा. सुरुवातीचं बिल अनेकदा फक्त जमिनीवर आकारलेलं असतं. बँक त्यावरून एस्क्रो (कर-विम्यासाठी हप्त्याबरोबर घेतलेली रक्कम) ठरवते आणि घर नोंदीवर आलं की हप्ता महिन्याला सहाशे-सातशेने उडी मारतो, शिवाय मागची तूट वेगळी. बिल्डर सांगेल तो आकडा सोडा, किमतीच्या २ टक्के स्वतः धरा.

घर तपासताना इन्स्पेक्टरला रेडॉनची ४८ तासांची चाचणी वेगळी सांगावी लागते. ओहायोत जमिनीतून हा वायू बराच येतो. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त निघाला तर पाइप आणि पंखा बसवायला हजार-दीड हजार डॉलर लागतात, ते विकणाऱ्याकडून मागता येतात. बेसमेंटमध्ये सम्प पंप (साचणारं पाणी बाहेर फेकणारा) आहे का, त्याला बॅटरी बॅकअप आहे का, हे बघा. वादळात वीज जाते आणि नेमकं तेव्हाच पाणी चढतं. साधा घराचा विमा हे नुकसान देत नाही, 'वॉटर बॅकअप'चं जादा कलम घ्यावं लागतं.

पहिलं वर्ष भाड्याने राहणार असाल (राहाच), तर अपार्टमेंटमध्ये विजेचं बिल थेट वीज कंपनीकडून येतं की मधल्या कुणा कंपनीकडून, हे करार करण्याआधी विचारा. दारावर येऊन 'तुमचं बिल दाखवा, दर कमी करून देतो' म्हणणाऱ्याला बिल दाखवू नका. त्यावरच्या खाते क्रमांकावरून तुमचा पुरवठादार बदलला जातो.

आता मुख्य मुद्दा. कोलंबसचा नोकरीबाजार वाईट नाही. पोलारिसला जेपी मॉर्गन चेसचं प्रचंड संकुल आहे, नेशनवाइड, हंटिंग्टन बँक, डब्लिनला कार्डिनल हेल्थ, मेरिसव्हिलला होंडा, ओहायो स्टेट विद्यापीठ, आणि राजधानी असल्याने राज्य सरकारची कामं. बँक, विमा, आरोग्य, किरकोळ विक्री या क्षेत्रांतल्या सॉफ्टवेअरवाल्याला इथे दार सापडतं. पण न्यू जर्सीत फार्मा, टेलिकॉम, वॉल स्ट्रीट आणि शेकडो मधल्या आकाराच्या कंपन्या एका तासाच्या अंतरात आहेत. तो पसारा इथे नाही. एच-१बीवर नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. इथे दोन मोठ्या कंपन्यांनी एकाच वेळी भरती थांबवली की ते ६० दिवस फार लहान होतात. तुमचं कौशल्य वरच्या यादीतल्या किमान तीन-चार कंपन्यांत चालतं का, हे आजच जागांच्या जाहिराती वाचून बघा. चालत नसेल तर स्वस्त घराच्या मोहाने येऊ नका. इंटेलच्या भरवशावर तर अजिबात नको. न्यू ऑल्बनीजवळचा तो चिप कारखाना जानेवारी २०२२मध्ये जाहीर झाला, पण पहिला टप्पा आता २०३०-३१वर गेला आहे.

व्हिसाचं बारकाईने बघा. नवी कंपनी म्हणजे नवं पर्म (ग्रीन कार्डासाठी कामगार खात्याची मंजुरी) आणि नवं आय-१४०. प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख) जुनीच राहते, पण आजच्या गतीने हे सगळं पुन्हा व्हायला दोन वर्षं सहज जातात. तुमची एच-१बीच्या सहा वर्षांनंतरची मुदतवाढ आणि पत्नीचा ईएडी जुन्या आय-१४०वर टिकून आहे. ते मंजूर होऊन १८० दिवस झालेत ना, हे आधी मोजा. त्याआधी राजीनामा दिलात आणि जुन्या कंपनीने ते मागे घेतलं, तर प्रायॉरिटी डेट वाचेल, पण मुदतवाढ आणि ईएडी दोन्ही अडकतील. आणि पर्म कधी सुरू करणार, हे नव्या कंपनीकडून ऑफर लेटरमध्ये महिन्यासकट लिहून घ्या. 'सहा महिन्यांनी बघू' हे उत्तर मी नकार समजेन.

थंडीचा बाऊ लोक जास्त करतात. बर्फ न्यू जर्सीच्या आसपासच पडतो. त्रास होतो तो ढगांचा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर आकाश राखाडी. कोलंबस ईस्टर्न टाइममध्ये आहे, त्यामुळे भारतात फोन करायच्या वेळा बदलणार नाहीत, पण ते या पट्ट्याच्या पश्चिमेला असल्याने डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेआठ-आठला उगवतो आणि मुलगी अंधारात स्कूलबसची वाट बघते. रस्त्यांवर मीठ भरपूर टाकतात, गाडीचं पोट हिवाळ्यात अधूनमधून धुवा.

ट्रेन नाही. गावातही नाही आणि गावाबाहेर जायलाही नाही. शेवटची प्रवासी गाडी १९७९मध्ये बंद झाली. म्हणून दोन गाड्या धराच. विमा मात्र न्यू जर्सीपेक्षा बराच स्वस्त पडेल. भारतात थेट विमान नाही, नेवार्क किंवा शिकागोसारख्या मोठ्या विमानतळावर बदलावं लागतं. आई-बाबांचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा, अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर किमान तीन तास ठेवा (इमिग्रेशन तिथेच होतं आणि बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात) आणि व्हीलचेअर आधी नोंदवा. एडिसनमधल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडला चालत जाऊन भाजी आणायची सवय असलेल्या सासू-सासऱ्यांना इथलं उपनगर जड जातं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. सॉमिल रोडच्या पट्ट्यात किराणा सगळा मिळतो, पॉवेलला भारतीय हिंदू मंदिर आहे, गणपती-दिवाळी होते. पण एडिसनसारखी शनिवारी चार कार्यक्रमांतून निवड करायची चैन नाही.

यायचं ठरलं तर जुलैमध्ये या. इथल्या शाळा ऑगस्टच्या मध्यात सुरू होतात, न्यू जर्सीसारख्या सप्टेंबरात नाही, आणि प्रवेशाला भाडेकरार व लसीकरणाची नोंद लागते. राहायला आल्यापासून ३० दिवसांत ओहायोचं लायसन्स काढायचं असतं. गाडीसाठी आधी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) तपासणी, मग काउंटीच्या टायटल ऑफिसात टायटल (मालकीचा कागद), मग नंबरप्लेट. गाडीवर कर्ज असेल तर टायटल कर्ज देणाऱ्याकडे असतं आणि ते मागवायला आठवडे लागतात, म्हणून निघण्यापूर्वीच मागणी करा. क्लीव्हलँडकडे लागते ती धुराची चाचणी कोलंबसला लागत नाही. न्यू जर्सीचा विमा मात्र तिथल्या नंबरप्लेट परत करून पावती हातात आल्यावरच बंद करा, आधी केलात तर तिथल्या नोंदीत विनाविमा गाडी दिसते आणि लायसन्स निलंबित होऊ शकतं.