‘फ्रँकेन्स्टाइन’ची १८१८ची आवृत्ती घ्यावी की १८३१ची?

पहिल्यांदाच वाचत असाल तर १८१८ची घ्या. १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये मेरी शेलीची ही कादंबरी तीन खंडांत निघाली, प्रती फक्त ५००, आणि लेखिकेचं नावच नव्हतं. प्रस्तावना मेरीचा नवरा, कवी पर्सी शेलीने लिहिली आणि पुस्तक मेरीचे वडील व पर्सीचे आदर्श असलेले विचारवंत विल्यम गॉडविन यांना अर्पण केलेलं, त्यामुळे बऱ्याच जणांना हे पर्सीचंच काम वाटलं. मेरी शेलीचं नाव छापलं गेलं १८२३च्या दोन खंडी आवृत्तीत. त्या वर्षी कादंबरीवरचं नाटक लंडनमध्ये गाजत होतं, हे त्यामागचं निमित्त. १८३१ला कोलबर्न आणि बेंटली यांच्या स्वस्त मालेसाठी मेरीने मजकुरावर बराच हात फिरवला. आधी नायक व्हिक्टरची सख्खी आतेबहीण असलेली एलिझाबेथ आता इटलीतून आणलेली अनाथ मुलगी झाली, आणि व्हिक्टर स्वतःच्या चुकांचं खापर वरचेवर नशिबावर फोडू लागला. मला हा बदल खटकतो, पहिला व्हिक्टर जास्त दोषी आणि म्हणूनच जास्त जिवंत वाटतो.

दुकानात ओळखायचं कसं? प्रकरणांचे आकडे सलग २४पर्यंत गेले तर ती १८३१ची. तीन खंड आणि प्रत्येक खंडात पुन्हा प्रकरण १, तर १८१८ची. मुखपृष्ठावर हे लिहिलेलं असेलच असं नाही.

एक मात्र आहे: १८१६च्या जिनिव्हाजवळच्या त्या पावसाळी मुक्कामात गोष्ट कशी सुचली, हे मेरीने स्वतः सांगितलंय ते १८३१च्या प्रस्तावनेत. तेवढी वेगळी मिळवून वाचा, पण कादंबरी संपल्यावर.