व्हीगन स्टर-फ्राय: सोया, टोफू आणि बाटलीतलं मीठ

व्हीगन, म्हणजे दूध-मधासकट कुठलाही प्राणिजन्य पदार्थ नसलेल्या, स्टर-फ्रायबद्दल (मोठ्या आचेवर झटपट परतलेल्या भाज्यांबद्दल) तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातले निवडक इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : सोया चंक्सना उग्र वास येतो आणि ते चामट होतात. काय चुकतं?

पाणी पिळलं जात नाही, हे चुकतं. दोघांसाठी कोरडे ६० ग्रॅम चंक्स पुरे. भिजल्यावर ते चांगलेच फुगतात. उकळत्या पाण्यात ५ मिनिटं शिजवा, १० मिनिटं झाकून ठेवा, मग गार पाण्यात दोनदा चोळून धुवा आणि प्रत्येक वेळी घट्ट पिळा. वास त्या पाण्याबरोबर जातो. मोठे असतील तर अर्धे कापा. पिळलेला चंक आता मसाला ओढून घेतो, म्हणून आलं-लसूण, मिरपूड, चमचाभर व्हिनेगर याच वेळी चोळा आणि १५ मिनिटांनी वर चमचाभर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा. लोखंडी कढई कडक तापवून दोन चमचे तेलात ४-५ मिनिटं परता आणि बाजूला काढा. त्याच कढईत आधी गाजर-फरसबी, मग ढोबळी मिरची, शेवटी कोबी. आच मोठी, झाकण नाही. सगळं एकदम ओतलं की कढई गार पडते आणि परतण्याऐवजी भाजी वाफेवर शिजते. चंक्स आणि पातीचा कांदा उतरवताना घाला.

प्रश्न : टोफूचा चुरा होतो.

सिल्कन, म्हणजे अगदी मऊ, टोफू (सोयाच्या दुधाचं पनीर) आणला असणार. घट्ट, म्हणजे फर्म, आणा. फडक्यात गुंडाळून वजनाखाली २० मिनिटं ठेवा. कढईत टाकल्यावर खालची बाजू सुटेपर्यंत उलथनं लावू नका.

प्रश्न : मटणाऐवजी कच्चा फणस घातला तर प्रथिनं मिळतील का?

नाही. पोत मिळेल. प्रथिनांसाठी सोबत टोफू किंवा मोड आलेले मूग घ्या.

प्रश्न : वडिलांना रक्तदाब आहे. मीठ बंद करून फक्त सोया सॉस वापरतो. शिवाय ‘लो सोडियम’ मीठ आणलं आहे. चालेल ना?

मीठ बंद झालेलं नाही, ते डब्यातून बाटलीत गेलं. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, जवळजवळ सव्वादोन ग्रॅम मिठाइतकं. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मिठाहून कमी आहे. त्यात चिली सॉस, स्टॉक क्यूब आणि मॅरिनेट करून आलेलं ‘प्लांट मीट’ धरा, की एका ताटलीत मर्यादेजवळ पोहोचलात. पोळी-भाजी, लोणचं, पापड अजून बाकीच. पाकिटावर ‘हाय प्रोटीन’ मोठ्या अक्षरात आणि सोडियम मागे बारीक अक्षरात छापतात. मागची बाजू आधी वाचा. चौघांत एक मोठा चमचा सॉस, वरून मीठ नाही. चव लिंबू, आलं, मिरपूड, भाजलेले तीळ यांनी आणा.

आता ते दुसरं मीठ. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम रक्तात साचतं. रक्तदाबाच्या काही गोळ्याही ते वाढवतात. त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो. शेजाऱ्यांना चाललं म्हणून वडिलांना देऊ नका. गोळ्यांची चिठ्ठी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) व पोटॅशियमचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, पुढच्या तपासणीची वाट न बघता. तोवर ते पाकीट बाजूला ठेवा.

प्रश्न : थायरॉइडची गोळी सुरू आहे. सोया पूर्ण बंद करू?

बहुतेकांना गरज नसते. सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं, म्हणून गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर आणि सोया दुपारी किंवा रात्री. रोज खायला लागणार असाल तर डॉक्टरांना सांगा, टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करा. डोस स्वतः बदलू नका.

प्रश्न : सोयाने पुरुषांचे हार्मोन बिघडतात म्हणे?

‘म्हणे’वर औषध नाही. नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने टेस्टोस्टेरॉन घटतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

प्रश्न : हिरवा ठिपका आहे म्हणजे व्हीगन?

नाही. हिरवा ठिपका दूध, तूप, मध यांनाही मिळतो. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या नियमांनुसार व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे: हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही. सोया चापच्या मसाल्यात दही-क्रीम आणि चापमध्ये मैदा सर्रास असतो, आणि दुकानदार ‘प्युअर सोया’ म्हणून विकतो. गहू चालत नसेल त्यांनी चाप आणि गव्हाच्या ग्लूटेनपासून केलेलं सैतान टाळावं. साध्या सोया सॉसमध्येही गहू असतो.

प्रश्न : रोज टोफू खाल्ला तर बी१२ ची गोळी लागणार नाही ना?

लागेल. साध्या टोफूत बी१२ मिळत नाही. किती घ्यायची ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. पायाला मुंग्या येणं हे बी१२ च्या कमतरतेचं लक्षण असू शकतं; तसं होत असेल तर याच आठवड्यात जा.