अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जजकडे कायद्याची पदवी लागते का? आणि रस्त्यांची कामं त्याच्याकडे कशी?

नाही, पदवी लागत नाही; काउंटी जज हा लोकांनी निवडून दिलेला काउंटीचा मुख्य प्रशासक आहे. याचं मूळ राज्याच्या 1874 च्या संविधानात आहे. त्यातल्या सातव्या अनुच्छेदाने काउंटी कोर्टाकडे, म्हणजे ते चालवणाऱ्या काउंटी जजकडे, कर, रस्ते, पूल, नावा, निराधारांची सोय आणि काउंटीचा खर्च एवढं सगळं सोपवलं. अट मात्र किमान 25 वर्षं वय, चांगलं चारित्र्य, व्यवहाराचं शिक्षण, अमेरिकेचं नागरिकत्व, राज्यात दोन वर्षं वास्तव्य आणि त्याच काउंटीत राहणं, इतकीच. विखुरलेल्या शेतकरी वस्तीत रस्ता हाच जगण्याचा प्रश्न होता, त्यामुळे ही रचना मला तरी समंजस वाटते. जुन्या काळच्या आपल्या कलेक्टरसारखाच कारभार आणि न्याय एकाच हाती, फक्त इथे माणूस निवडून आलेला.

खरी अडचण होती क्वोरम कोर्टाची, म्हणजे नावाला कोर्ट पण प्रत्यक्षात काउंटीचे नियम आणि खर्च ठरवणाऱ्या सभेची. दर 200 मतदारांमागे एक जस्टिस ऑफ द पीस (हेच तिचे सदस्य), म्हणजे मोठ्या काउंटीत सभा नव्हे, जत्राच! 1974 च्या 55 व्या दुरुस्तीने ती 9 ते 15 सदस्यांवर आणली. काउंटी जज तिथे अध्यक्ष असतो. त्याला मत नाही, पण नकाराधिकार आहे. बालगुन्हेगारांचे खटलेही पूर्वी काउंटी कोर्टात चालत. 1987 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं.

हे शेजारच्या टेक्ससला जसंच्या तसं लावू नका. तिथे बऱ्याच छोट्या काउंट्यांत काउंटी जज आजही वारसा आणि किरकोळ गुन्ह्यांची प्रकरणं ऐकतो.