लाल क्लोव्हर खान्देशात पेरावं का?

शिरपूर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे: "मोबाइलवर लाल क्लोव्हरचे व्हिडिओ पाहिले. एकदा पेरलं की दोन-तीन वर्षं चारा आणि वर जमिनीला नत्र. अर्धा किलो बियाणं मागवलंही. सहा गाई आहेत, कधी पेरू?" रावेरच्या एका ताईंना हेच पीक केळीच्या ओळींत आच्छादन म्हणून हवं आहे. अमळनेरच्या एका दादांची गाय गेल्या आठवड्यात ओला लसूणघास (हाही द्विदल चाराच) खाऊन फुगली. तेव्हापासून त्यांनी अशा चाऱ्याची धास्तीच घेतली आहे. तिघांनाही इथेच उत्तर देतो.

भाऊ, व्हिडिओत सांगितलं ते खोटं नाही. लाल क्लोव्हर हा सकस द्विदल चारा आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून ठेवतात. पण ते थंड मुलखाचं पीक आहे. 20 ते 25 अंशांत ते जोमानं वाढतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, तिथे ते दुसरं वर्ष पाहील ही आशा धरू नका. घरचं बियाणं धरणंही जमणार नाही. फुलावर यायला त्याला साधारण 14 तासांचा दिवस लागतो, आणि आपला जूनमधला सर्वांत मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच असतो.

तुमच्या गाईंसाठी क्लोव्हरचंच भावंड आहे, बरसीम. मूळ इजिप्तचं, पण आपल्या हिवाळ्यात चांगलं येतं. ऑक्टोबरचा चटका ओसरला की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरा. एकरी 10 ते 12 किलो बियाणं लागतं. पेरणीआधी ते मिठाच्या पाण्यात टाका (10 लिटरला 1 किलो मीठ). कासनी या तणाचं बी वर तरंगतं, ते काढून फेका. मग बियाणं साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण कासनी एकदा वावरात शिरली की प्रत्येक कापणीत चाऱ्याबरोबर येते. जिथे बरसीम पूर्वी कधीच घेतलं नाही, तिथे बरसीमचंच रायझोबियम जिवाणू संवर्धक गुळाच्या पाण्यातून बियाण्याला चोळा आणि सावलीत सुकवा. हरभऱ्याचं संवर्धक इथे चालत नाही. एकरी 4 गोणी सुपर फॉस्फेट आणि साधारण 17 किलो युरिया पेरणीलाच द्या. नंतर युरियाचा हात आवरा, नाहीतर गाठी आळशी होतात.

पहिली कापणी 50 दिवसांच्या आसपास, पुढच्या 25 ते 30 दिवसांनी. चार-पाच कापण्या मिळतात आणि एप्रिलच्या उन्हात पीक संपतं. पाणी मात्र सतत हवं. विहीर फेब्रुवारीत तळ गाठत असेल तर बरसीमच्या नादी लागू नका. बारमाही पाणी आणि निचऱ्याची जमीन असेल तर लसूणघास घ्या. आनंद-2 किंवा राहुरी विद्यापीठाचा आरएल-88 वाण लावा, तीन वर्षं चारा मिळेल. बियाण्यात अमरवेल या परजीवी तणाचं बी नसल्याची खात्री करा आणि प्रमाणित पिशवीच घ्या.

रावेरच्या ताई, केळीत क्लोव्हर नको, चवळीही नको, काकडी-टरबूज तर नकोच. हरण्या रोगाचा विषाणू, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), अशा पिकांवर टिकतो आणि मावा ही कीड तो केळीवर आणते. केळीला जमीन तयार करायची असेल तर लागवडीच्या दोन महिने आधी ताग पेरा, एकरी 20 ते 25 किलो. 45 ते 50 दिवसांनी, फुलं दिसू लागताच गाडा. उशीर झाला तर खोड काडीसारखं कडक होतं आणि कुजायला वेळ लागतो. तापीकाठच्या चोपण (क्षारांनी बिघडलेल्या) पट्ट्यात मात्र तागाऐवजी धैंचा घ्या. उभ्या केळीत पाचट किंवा केळीचीच वाळलेली निरोगी पानं पसरा.

अमळनेरच्या दादा, घास बंद करू नका, देण्याची पद्धत बदला. कोवळा आणि दवानं ओला घास उपाशीपोटी खाल्ला की पोटात फेस होतो, वायू बाहेर पडत नाही, म्हणून गुरं फुगतात. आधी दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा द्या. घास कापून तासभर सुकू द्या आणि कुट्टीत मिसळून थोडा-थोडा वाढवत न्या. डावी कूस ढोलासारखी वाजली आणि गाय धाप टाकू लागली तर घरगुती काढे करत बसू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

राहिला प्रश्न भाऊंच्या अर्ध्या किलोचा. ते फेकू नका. नोव्हेंबरात एक गुंठा वाफा करा, 100 ग्रॅम बी भुरभुरून टाका आणि शेजारच्या गुंठ्यात बरसीम पेरा. दोन्हींना सारखं पाणी द्या. फेब्रुवारीत आणि मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्हींचे फोटो काढून मला पाठवा, मी स्वतः बघायला येईन.