एनएटएन (n8n, कामं आपोआप करून घेणारे वर्कफ्लो बनवण्याचं साधन) स्वतःच्या सर्व्हरवर चालवताना एपीआय की (दुसऱ्या सेवा वापरण्याच्या गुप्त किल्ल्या) कुठे ठेवाव्यात?

एनएटएनच्या 'क्रेडेन्शियल्स' या खास विभागातच ठेवा, नोडच्या (वर्कफ्लोतल्या एका पायरीच्या) हेडरमध्ये कधीच नको. एचटीटीपी रिक्वेस्ट नोडमध्ये तयार कर्ल कमांड (वेब रिक्वेस्ट पाठवणारी कमांड लाइनची ओळ) इम्पोर्ट केली की तिच्यातलं टोकन, म्हणजे गुप्त की, गुपचूप हेडरमध्ये येऊन बसतं, आणि वर्कफ्लोची जेसन फाइल कुणाला दिली की तेही सोबत जातं. त्याऐवजी 'हेडर ऑथ' क्रेडेन्शियल बनवा. मग एक्सपोर्टमध्ये फक्त त्याचं नाव आणि आयडी जातो.

क्रेडेन्शियल्स डेटाबेसमध्ये एन्क्रिप्ट होऊन राहतात. खरी गोम आहे ती एन्क्रिप्शन कीमध्ये. तुम्ही दिली नाहीत तर एनएटएन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःच एक बनवतं आणि होम डिरेक्टरीतल्या डॉट-एनएटएन फोल्डरच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवतं. डीफॉल्ट एसक्यूलाइट डेटाबेसही त्याच फोल्डरात! म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला. शिवाय व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर टिकणारी साठवण) न जोडता डॉकर कंटेनर नव्याने बनवलात तर ती की गेलीच, आणि डेटाबेस वेगळ्या पोस्टग्रेस सर्व्हरवर शाबूत असला तरी क्रेडेन्शियल्स उघडणार नाहीत. म्हणून की सुरुवातीलाच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने द्या, तिची प्रत पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. क्यू मोड (कामं अनेक वर्कर प्रोसेसमध्ये वाटून चालवण्याची पद्धत) असेल तर प्रत्येक वर्करला तीच की लागते.

कमांड लाइनवरून 'डिक्रिप्टेड' पर्याय देऊन एक्सपोर्ट केलंत तर सगळं उघड्या मजकुरात येतं. सर्व्हर बदलताना वापरा, पण फाइल लगेच उडवा.